भाट्याच्या विहिरीला मी मचूळ म्हटलं

“घाबरू नका, नळाचं आहे,” म्हणत मयेकरबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “विहिरीचं या घरात आता कोणी तोंडात घेत नाही. तुमची कृपा.”

कृपा हा शब्द बाईंनी मनापासून वापरला होता. मला तो टोचला.

ही गोष्ट या मे महिन्यातली. भाट्याला समुद्र आणि मयेकरांचं घर यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची काय ती आडोशाला एक रांग. मी रत्नागिरीत एसी दुरुस्त करत आयुष्य काढलं. आता गुडघे शिडी चढायला नाही म्हणतात, म्हणून घरी बसलोय. मयेकरांच्या पुण्याच्या मुलाने आईवडिलांसाठी नवा एसी पाठवला होता आणि तो बसवायला दुकानाची माणसं दुपारी येणार होती. पण बाईंच्या दोन अटी होत्या. पहिली, आधी सुर्वे (म्हणजे मी) येऊन जागा दाखवतील. दुसरी, आपल्या यजमानांनी त्या यंत्राला बोट लावायचं नाही, हे सुर्वे स्वतः त्यांना बजावतील.

यजमान म्हणजे चीफ. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते, म्हणून सगळी वाडी त्यांना चीफच म्हणते. तीन मजली घराएवढी इंजिनं ज्या माणसाने महिनोन्‌महिने समुद्रावर चालती ठेवली, तो माणूस समोर पडवीत पेपर धरून बसला होता आणि बायकोने काढलेला हुकूम ऐकत होता.

“सांगा त्यांना,” बाई मला म्हणाल्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अजूनही समोरचा माणूस तिसरीतला आहे असं धरूनच बोलतात. “परवा मिक्सर उघडून बसले होते.”

“आवाज करत होता,” चीफ म्हणाले.

“मिक्सर आवाज करतोच. तुम्हीही करता. तुम्हाला कोणी उघडलं?”

“उघडलं की. बायपासच्या वेळी.”

“बघा, ही अशी उत्तरं! एका एसीची वाट लावली तेवढी पुरे झाली.”

मी पेला उचलला आणि पाणी पीत राहिलो. तोंड रिकामं ठेवलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. कारण त्या एसीची वाट चीफनी लावली नव्हती. मी लावली होती. आणि आजवर हे फक्त दोघांना माहीत होतं. एक मी, आणि दुसरे आमच्या दुकानाचे शेठ, जे आता हयात नाहीत.

सांगायचंच तर नीट सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी याच घरात मी पहिला एसी बसवला. घरगुती एसीचे दोन भाग असतात. खोलीत दिसतो तो इनडोअर. बाहेर स्टँडवर घुमत असतो तो आउटडोअर. खोलीतली उष्णता गोळा करून बाहेर फेकायची एवढंच एसीचं काम. फेकण्याचं काम आउटडोअरमधलं कॉइल करतं. कॉइल म्हणजे तांब्याची बारीक नळी आणि तिच्यावर दाटीने बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाती. या पात्यांना आम्ही फिन्स म्हणतो. फिन्समधून वारा खेळला तर एसी सुखात असतो.

आमच्याकडे तो वारा खारा. फिन्सवर मीठ बसतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि अ‍ॅल्युमिनियम खात सुटतं. आधी पांढरी भुकटी दिसते, मग पाती झडायला लागतात, मग नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि गॅस निघून जातो. इथे एक सांगून ठेवतो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. सिलिंडरसारखा तो भाग नव्हे. दर वर्षी कोणी ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ म्हणत असेल, तर आधी भोक दाखव म्हणावं.

चीफना हे सगळं मी सांगायच्या आधीपासून माहीत होतं. जहाजावर मिठाशी लढण्यातच जन्म गेलेला. दर रविवारी सकाळी ते एसीचा मेन स्विच बंद करायचे, विहिरीचं पाणी काढायचे आणि झाडांना घालतात तसं हलक्या धारेने आउटडोअर धुवायचे. नंतर तो उन्हात तासभर सुकू द्यायचे. मग आंघोळ, मग नाश्ता. दोन उन्हाळे असे गेले. त्या दोन वर्षांत मी सर्व्हिसिंगला गेलो की त्यांच्या फिन्स नव्यासारख्या दिसायच्या. मनातून मला ते आवडायचं नाही. गिऱ्हाइकाला आपल्याहून जास्त कळतं हे कुठल्या मेकॅनिकला आवडेल?

मग मला एक कल्पना सुचली. माझी स्वतःची. तिचं नाव मान्सून पॅकिंग.

आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की आमच्याकडे माणूस दिसेल ते झाकत सुटतो. लाकडं झाकतो, पडवीची पश्चिमेची बाजू झाकतो, स्कूटर झाकतो. सासऱ्यांना अंगणात झोपायची सवय असती तर त्यांनाही झाकलं असतं. मग एसीच का उघडा? पावसात तसाही बंदच असतो. मी शेठना म्हटलं, मेअखेरीस आपण प्रत्येक गिऱ्हाइकाचा आउटडोअर ताडपत्रीत गुंडाळून सुतळीने करकचून बांधून द्यायचा. दसऱ्याला सोडायचा. शेठनी पाठ थोपटली. गिऱ्हाइकं खूश झाली. झाकलेली वस्तू बघून कोकणातल्या माणसाला जी शांती मिळते तिला तोड नाही.

चीफ तेवढे खूश नव्हते. “सुर्वे, बांधण्याआधी धुऊ दे मला. या महिन्यात धुणं राहिलंय, मेचं मीठ बसलंय.”

“नको साहेब. आता पाणी नकोच.”

“मग निदान खालून तरी उघडं ठेव. घाम येईल त्याला.”

“साहेब, जहाज वेगळं आणि एसी वेगळा,” मी म्हणालो. हे वाक्य मला अजून लख्ख आठवतं. वाक्य छान होतं. फक्त त्याला अर्थ नव्हता.

बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तो रोज हेच काम करतो. करू द्या त्याला.”

चीफ आत निघून गेले आणि ताडपत्री बांधली गेली. आत महिन्याभराचं मीठ, बाहेर चार महिन्यांचा पाऊस, खालच्या जांभ्यातून वर येणारी ओल, आणि वारा शिरायला जागा नाही. खरं तर उघडा ठेवला असता तर रत्नागिरीच्या पावसाने तो फुकटात धुऊन दिला असता. ज्या पाण्याने सगळं मीठ वाहून जायचं, तेच पाणी मी छत्री धरून अडवलं.

दसऱ्याला आमच्या माणसांनी ताडपत्री सोडली आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बाईंचा फोन आला. एसी चालतोय पण पंख्याचं काम करतोय. मी गेलो आणि फिन्सवरून बोट फिरवलं. पाती रांगोळीसारखी हातात आली. नळीला भोक. गॅस गेलेला. एसी वॉरंटीत होता, म्हणून कंपनीला रिपोर्ट पाठवायचा होता. रिपोर्टात एक रकाना असतो, ‘बिघाडाचे कारण’.

दुकानात शेठ पेन उघडून बसले.

“सुर्वे, काय लिहू? ताडपत्री आपण बांधली, असं लिहू?”

“तसं लिहिलं तर ज्यांची ज्यांची बांधली ते सगळे येतील, शेठ.”

“ते कळतंय रे. मग काय लिहू ते सांग.”

मी थोडा विचार केला. फार नाही. “मालक दर आठवड्याला विहिरीचं पाणी मारतात. समुद्राकाठची विहीर. मचूळ असणार.”

शेठनी चष्म्यावरून बघितलं. “तोंडात घेऊन बघितलंस?”

“समुद्राकाठची विहीर, शेठ. बघायचंय काय त्यात?”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. “मग तूच लिही. मी नाही लिहीत.”

मी लिहिलं. कंपनीने क्लेम नाकारला. रिपोर्टची प्रत मी बाईंना नेऊन दिली. पुढच्या मे महिन्यात आमच्या माणसांना गुपचूप सांगितलं, आता गुंडाळू नका, फक्त वरून टोपी घाला, बाजू मोकळ्या सोडा. म्हणजे बघा, चूक मला चांगलीच कळली होती. सगळ्या गावाची दुरुस्त केली. एका घराची तेवढी राहिली.

मचूळ म्हणजे धड खारं नाही, धड गोडं नाही असं पाणी. शहरातल्या वाचकाला हा साधा शब्द वाटेल. पण समुद्राकाठच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर हा मान असतो. मयेकरांची विहीर चीफच्या आजोबांनी जांभा फोडून खणलेली. मेमध्ये सगळी वाडी तिथे कळशा घेऊन यायची. तिला मी दुकानात बसून, न चाखता, मचूळ करून टाकलं.

आता पुन्हा या मेमध्ये, पडवीत येतो.

“तुम्ही तो रिपोर्ट दिलात ते एक बरं केलंत,” बाई सांगत होत्या. “लेखी होतं म्हणून आमच्याकडे ऐकलं तरी. नाहीतर म्हणत होते, पाणी गोडं आहे, मी टेस्ट करून दाखवतो. जहाजावर म्हणे बॉयलरच्या पाण्यात मीठ आहे का ते तपासायचे. मी म्हटलं, लिहून दिलंय सुर्व्यांनी. त्यांच्यापुढे तुमची टेस्ट?”

“मग नाही केली टेस्ट?” मी चीफना विचारलं.

चीफनी पेपरची घडी घातली. “नाही केली. जिभेला गोडं लागत होतं. कागद म्हणत होता मचूळ. मला वाटलं, वयाने जीभ गेली असेल. जाते ना रे? मग मी जेवणातही बोलायचं बंद केलं.”

“पूर्वी रोज एक टीका असायची,” बाई म्हणाल्या. “आमटीत मीठ कमी, भातात जास्त. मी एकदा म्हटलं, घरची विहीर ओळखता आली नाही ती जीभ का ही? तेव्हापासून गप्प जेवतात. फार शांतता आहे.”

बाई हसल्या. चीफही हसले. मला हसू आलं नाही. मी एका एसीचं नुकसान केलं एवढंच धरून चाललो होतो. एक माणूस आपल्या जिभेवर अविश्वास ठेवून जेवतोय, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

एवढ्यात बाई आतून एक फाइल घेऊन आल्या. त्यात तो रिपोर्ट होता. “हे वाचून दाखवा त्यांना परत. म्हणजे नव्या एसीच्या वाटेला जाणार नाहीत.”

मी कागद हातात घेतला. माझं अक्षर. ‘बिघाडाचे कारण : मालकाने विहिरीचे मचूळ पाणी मारल्याने कॉइल गंजले.’ मचूळमधला ‘चू’ मी ऱ्हस्व लिहिला होता. बाईंनी लाल पेनाने तो दीर्घ केला होता.

तो लाल ऊकार बघितला आणि माझ्याने राहवेना.

“बाई, यातली एक चूक तुमच्या नजरेतून सुटलीय.”

“शक्यच नाही,” म्हणत त्यांनी चष्मा लावला. “कुठली?”

“मचूळ.”

“ती केलीय दुरुस्त. दीर्घ हवा होता.”

“दीर्घ-ऱ्हस्व नव्हे, बाई. शब्दच चुकीचा आहे.”

मग मी सगळं सांगितलं. ताडपत्री, शेठ, पेन. थांबलो नाही. थांबलो असतो तर मधेच चहा मागितला असता आणि विषय बदलला असता. एवढी स्वतःची ओळख या वयात झालेली असते.

चीफनी विचारलं, “ताडपत्री खालून बांधली होतीस?”

“हो, साहेब. स्टँडच्या खालून घेऊन.”

“आणि समोरचा पंखा?”

“तोही आत.”

“हं,” चीफ म्हणाले. “तरीच. मला वाटायचं, नुसत्या मचूळ पाण्याने चार महिन्यांत एवढं जात नाही.” माणूस नऊ वर्षं तो बिघाड डोक्यात सोडवत बसला होता. उत्तर मिळाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. राग नंतर आला. तो येताना मी बघितला. ते उठले, विहिरीकडे गेले, पोहरा सोडला आणि भरलेला पोहरा तसाच माझ्यापुढे आणून धरला.

“पी.”

ओंजळ करून प्यायलो. मे महिना, विहिरीला सगळ्यात वाईट काळ. त्या पाण्याला मिठाचा वासही नव्हता.

“सांग.”

“गोडं आहे, साहेब.”

“मोठ्याने सांग. तिकडे बघून.”

मी बाईंकडे बघून मोठ्याने सांगितलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मला वाटलं, आता मला बोलतील. पण त्या चीफकडेच बघत होत्या.

“तुम्ही त्या दिवशीच भांडला का नाहीत माझ्याशी?” त्यांनी विचारलं.

“तू म्हणालीस, लेखी आहे.”

“मी म्हणाले म्हणून काय झालं! जहाजावर कोणी कागद दाखवला की असेच गप्प बसायचात?”

“जहाजावर तू नव्हतीस.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग लाल पेन माझ्या हातात दिलं. “ते वाक्य खोडा. खाली खरं कारण लिहा. सही करा. आणि या खेपेला शुद्ध लिहा.”

मी लिहिलं. ‘मेकॅनिकने आउटडोअर न धुता ताडपत्रीत गुंडाळल्यामुळे कॉइल गंजले. विहिरीचे पाणी गोडे आहे.’ बाईंनी तपासलं. एक अनुस्वार घातला. फाइल बंद केली.

“आता शेजारी चला,” त्या उठल्या. “मी वाडीभर सांगितलंय, आमची विहीर बिघडली म्हणून. ते काय एकटीने निस्तरू?”

शेजारच्या सुलूकाकी अंगणात आमसुलं उलटत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्यापुढे उभा राहून मी सगळं परत सांगितलं. माझ्यामुळे तुम्ही त्या विहिरीवर यायचं बंद केलंत, माफ करा, असंही म्हटलं.

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. “कोण म्हनतो तुज्यामुलं? त्यांचा रहाट मोडला नि यांनी दोरी लावली. दोरीने पानी ओढायची माजी कंबर हाय काय? म्हनून नाय येत मी. मचूळ कसलं? आमाला काय चव कळत नाय?”

“मग मला सांगायचंत ना, काकी!” बाई म्हणाल्या.

“तू मास्तरीन. तुला कोन सांगनार?”

परतताना बाई झपाझप पुढे निघाल्या. चीफ मागून येत होते, ते हलकेच शीळ घालत होते. मला म्हणाले, “रहाट मी दुरुस्त करणार होतो. मला हात लावायची परवानगी नव्हती.”

दुपारी दुकानाची माणसं आली. जागा मी आणि चीफनी मिळून ठरवली. घराच्या पूर्वेला, म्हणजे खारा वारा सरळ अंगावर येणार नाही अशी. मागे वीतभर मोकळी जागा, पुढे काहीच अडथळा नाही, जमिनीपासून दोन हात वर, पायांखाली रबर. बाकीचे नियम चीफनी पाठकोऱ्या कागदावर लिहून स्विचजवळ चिकटवले आणि ते मी तपासले. पंधरा दिवसांनी इनडोअरची जाळी धुणे. रविवारी मेन बंद करून हलक्या धारेने आउटडोअर धुणे, जोराच्या पंपाने नाही, त्याने फिन्स मुडपतात. अ‍ॅसिड कोणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. पंचवीसच्या खाली उतरायचं नाही आणि वर पंखा लावायचा. पावसाळ्यात फक्त टोपी. शेवटच्या ओळीखाली बाईंची सही होती. नियम मोडला तर जाब त्या विचारणार. दुसऱ्या दिवसापासून मिक्सर आवाज करेनासा झाला आणि रहाटही बसला, असं कळलं. पहिल्याच जेवणाला चीफनी आमटीत मीठ जास्त असल्याचं जाहीर केलं आणि बाईंनी ती उद्याही तशीच होईल असं कळवलं.

तुम्ही म्हणाल, सुटलास. मलाही तसंच वाटलं. पण पंधरवड्याने चीफ रिक्षा करून माझ्या घरी आले. सहज आलो म्हणाले. चहा झाला. मग म्हणाले, “तुझा आउटडोअर कुठाय?”

माझा आउटडोअर मागच्या बाजूला, कुंपणाच्या दगडी गडग्याकडे तोंड करून. मी बसवल्यापासून तिकडे कधी गेलोच नव्हतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे एसी धुतलेला माणूस घरी येऊन आपला धूत नाही. चीफनी बोट फिरवलं आणि ते वर धरलं. बोट पांढरं झालं होतं. माझी बायको खिडकीतून बघत होती.

“हे काय असतं हो, चीफ?” तिने विचारलं.

चीफनी माझ्याकडे बघितलं. वाटलं तर माझ्यावर सूड घ्यायला एक वाक्य पुरलं असतं.

“मीठ,” ते म्हणाले. “समुद्र जवळ आहे ना. बादली द्या.”

बादली त्यांनीच भरली, धार त्यांनीच धरली. मी मेन बंद केला. त्यांनी तो बंद आहे ना हे स्वतः जाऊन परत तपासलं. माझ्या शब्दावर ते आता विसंबत नाहीत आणि तसं त्यांनी मला सांगितलंही. मला पटलं.

तेव्हापासून माझा एसी नियमाने धुतला जातो. शहाणपण आलं म्हणून नाही. रविवारी साडेनऊला चीफचा फोन येतो आणि “झालं का रे?” एवढंच विचारून ते ठेवतात. एसी जास्त वर्षं टिकवायचा असेल तर त्याला चांगला मेकॅनिक लागतो, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचो. मेकॅनिकवर नजर ठेवणारा कोणीतरी त्याहून जास्त लागतो. हे मी सांगत नसे.